भट्टी बंद झाली तरी निखारा विझत नाही

दिवाळीनंतरचा रविवार होता. नवापूर तालुक्यातल्या एका वस्तीत विहारात वंदना आटोपली आणि आम्ही नेहमीप्रमाणे सतरंजीवर रक्तदाब तपासायला बसलो. एका आजींचा आकडा फारच वर गेला होता. गोळी चुकली का म्हणून विचारले, तर गोळी चालू होती, झोप नव्हती. मुलगा आणि सून टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, मांडवीच्या बाजूला. कोणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला होता, की समुद्राची लाट येते आणि अणुवीज केंद्राचा स्फोट होतो. आजी म्हणाल्या, "सिस्टर, काकरापार तठेच शे. मना पोऱ्या बी तठेच शे."

व्हिडिओ जपानचा होता आणि जुना होता. मांडवीला समुद्र नाही, त्सुनामी तिथवर येणार नाही. एवढे सांगून आजींचे समाधान करता आले असते. पण आम्ही गप्प राहिलो, कारण काकरापारला पाणी एकदा खरोखरच आत शिरले होते. ते समुद्राचे नव्हते, तलावाचे होते. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर हाच विषय घेत आहोत. पूर, लाट किंवा भूकंप आला तर अणुवीज केंद्राचे काय होते, आपल्या शरीराचे काय होते आणि आपण काय करायचे, हे घराघरांत वाचून दाखवावे.

धोका किती दूर?

आपल्या राज्यातले अणुवीज केंद्र म्हणजे तारापूर, पालघर जिल्ह्यात, अगदी समुद्रकाठी. नंदुरबारपासून ते दूर आहे. आपल्याला खरे जवळचे केंद्र गुजरातेत आहे. सुरत-भुसावळ रेल्वेने नवापूरहून निघालो की उकाईचा परिसर मागे पडतो, मग व्यारा येते. व्याऱ्याच्या उत्तरेला, मांडवीजवळ काकरापारचे केंद्र आहे. नवापुरापासून सरळ रेषेत ते 50 किलोमीटरच्या आत आहे, नंदुरबार शहरापासून साधारण 90 किलोमीटर. तिथे चार भट्ट्या आहेत. 220 मेगावॅटच्या दोन नव्वदच्या दशकात सुरू झाल्या. 700 मेगावॅटच्या दोन नव्या, त्यांतली चौथी 2024 मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाली.

आता नदीचा विचार करा. सारंगखेडा आणि प्रकाशा ओलांडून तापी उकाई धरणात जाते. उकाईचा फुगवटा आपल्याच जिल्ह्यात येतो, त्यात आपल्याकडची गावे बुडाली. उकाईतून सुटलेले पाणी पुढे काकरापारच्या बंधाऱ्यावर जाते आणि तिथून कालव्याने शेतांना मिळते. केंद्राच्या थंडाव्याचे पाणीही त्याच कालव्यावरच्या मोतीचेर तलावातून येते. म्हणजे आपण आणि ते केंद्र एकाच नदीवर आहोत. आपल्याकडे पाऊस कोसळला की खाली काय होते, हे 2006 च्या ऑगस्टमध्ये सुरत शहराने पाहिले. उकाईचे दरवाजे उघडले आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. 2018 च्या ऑगस्टमध्ये रंगावलीने नवापुरात काय केले, ते तर आपण स्वतः भोगले.

निखाऱ्याची गोष्ट

अणुभट्टी म्हणजे पाणी तापवणारी मोठी चूलच. युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफेवर चाक फिरते आणि वीज तयार होते. फरक एवढाच, की आपली चूल पाणी मारले की विझते. अणुभट्टी बटण दाबून सेकंदांत बंद करता येते, पण आतल्या इंधनातला निखारा धगधगत राहतो. बंद केल्याक्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. ती हळूहळू कमी होते, तरी कित्येक दिवस त्या इंधनावरून पाणी फिरवत राहावे लागते. पाणी फिरवायला पंप लागतो आणि पंपाला वीज लागते. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, तोही गेला तर बॅटरी. बॅटरी काही तासांत संपते.

म्हणून पूर आणि लाट ही अणुवीज केंद्राची खरी परीक्षा असते. भूकंपाने भिंत पडली नाही तरी तारा तुटतात. पाणी जनरेटरमध्ये शिरले की तो बंद पडतो. मग निखारा आपले पाणी आटवतो, इंधन वितळते, हायड्रोजन वायू साठतो आणि स्फोट होतो. तो अणुबॉम्बचा स्फोट नसतो, वायूचा असतो. पण त्यातून किरणोत्सारी धूळ आणि वाफ बाहेर पडते.

जपानची दोन केंद्रे

11 मार्च 2011 ला जपानच्या पूर्व किनाऱ्यावर 9 रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. फुकुशिमाच्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, जनरेटर चालू झाले. तासाभरात 14-15 मीटरची लाट आली. हे केंद्र बांधताना मूळचा 35 मीटर उंचीचा कडा तासून जमीन 10 मीटरवर आणली होती, समुद्राचे पाणी खेचायला सोपे जावे म्हणून. बरेच जनरेटर तळघरात होते. ते बुडाले. तीन भट्ट्यांचे इंधन वितळले.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचे दुसरे केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्राला ते फुकुशिमाहून जवळ. लाट तिथेही सुमारे 13 मीटरची आली. पण बांधणाऱ्यांनी जुन्या लाटांचा इतिहास पाहून केंद्र जवळजवळ 15 मीटर उंचीवर उभारले होते. ते सुरक्षित बंद झाले. इतकेच नव्हे, घरे वाहून गेलेल्या आसपासच्या शेकडो लोकांनी त्याच केंद्राच्या आवारात आसरा घेतला.

समुद्र एकच आणि लाटही एकच. फरक पडला तो आधी कोणाचे ऐकले आणि खर्च कुठे वाचवला यात. फुकुशिमाच्या कंपनीच्या स्वतःच्या हिशोबातच 2008 मध्ये 15 मीटरपेक्षा उंच लाटेची शक्यता निघाली होती. पण भिंत वाढवली गेली नाही.

आपला किनारा

आपल्या देशाची परीक्षा 26 डिसेंबर 2004 ला झाली. तामिळनाडूतल्या कल्पाक्कम केंद्राच्या पंपघरात त्सुनामीचे पाणी शिरले. चालू असलेली भट्टी कर्मचाऱ्यांनी वेळेवर बंद केली, थंडावा चालू राहिला, किरणोत्सार बाहेर पडला नाही. हे कौतुकाचेच आहे. मात्र त्याच लाटेने कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतली माणसे नेली. भट्टी वाचली, शेजारची वस्ती वाचली नाही.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 च्या आहेत, फुकुशिमाच्या भट्ट्यांच्याच घराण्यातल्या. अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही असे पुष्कळ लोक मानतात, पण 28 नोव्हेंबर 1945 ला मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि माणसे बुडाली होती. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, लहान-मोठे धक्के बसत राहिले. तिथले आदिवासी कुटुंब थंडीत घराबाहेर तंबूत झोपले. लहान धक्क्यांनी अणुवीज केंद्र पडत नाही, पण मातीविटांचे घर पडते. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला 9,900 मेगावॅटचा प्रकल्प ठरला. तिथल्या मच्छिमारांनी आणि शेतकऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांत भूकंपाचा प्रश्न पहिल्यापासून होता.

फुकुशिमानंतर आपल्या सर्व केंद्रांची तपासणी झाली. पाणी बाहेरून जोडण्याची सोय, जादा जनरेटर, हायड्रोजन साठू न देणारी यंत्रे, किनाऱ्यावर संरक्षक बांध, अशा सुधारणा ठरल्या आणि केल्या गेल्या. हेही वाचकांना माहीत असावे.

मोतीचेरची रात्र

आता आपल्या शेजारची गोष्ट. 15 जून 1994 ला दक्षिण गुजरातेत मुसळधार पाऊस झाला. मोतीचेर तलाव भरू लागला. केंद्रातून पाणी बाहेर सोडण्याचे जे मार्ग होते, त्यांतूनच पाणी उलटे आत येऊ लागले. केबलच्या चरांची तोंडे बंद केलेली नव्हती. रात्रीत टर्बाइनच्या इमारतीत पाणी भरले. सकाळच्या पाळीचे कामगार छातीभर पाण्यातून गेले. तलावाचे दरवाजे उघडेनात. शेवटी आपली घरे बुडतील या भीतीने आसपासच्या गावकऱ्यांनी तलावाचा बांध फोडला आणि पाणी ओसरले. नशीब एवढेच, की पहिली भट्टी त्या वेळी बरेच दिवस बंद होती आणि दुसरी अजून सुरूच व्हायची होती.

कामगार संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने हे पत्र लिहून वर्तमानपत्राला कळवले. त्याची नोकरी गेली. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बडतर्फी कायम ठेवली.

याच केंद्राची दुसरी बाजूही सांगतो. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात हे केंद्र सुरळीत चालू राहिले. 11 मार्च 2016 ला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, पहिल्या भट्टीतल्या एका नळीतून जड पाण्याची गळती झाली. भट्टी लगेच बंद केली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली, थंडावा टिकवला आणि किरणोत्सार मर्यादेत असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. नळ्या बदलून ती भट्टी 2019 मध्ये पुन्हा चालू झाली.

म्हणजे यंत्र सांभाळणारी माणसे काम जाणतात. अडचण वेगळीच आहे. चराचे तोंड, गंजलेला दरवाजा, दडवलेली बातमी अशा साध्या गोष्टींत केंद्र अडकते. दवाखान्यात काम केलेल्या कोणालाही हे पटेल. ऑक्सिजनचे सिलिंडर असते, पण चावी सापडत नाही. रोगी तेवढ्याने जातो.

शरीराला काय होते

किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही. फार मोठी मात्रा बसली तर उलट्या, जुलाब, त्वचा भाजणे, रक्तपेशी कमी होणे असा त्रास होतो. हे सहसा केंद्राच्या आत काम करणाऱ्यांना होते. बाहेरच्या वस्तीला भीती असते ती धुळीतून, पाण्यातून, दुधातून पोटात जाणाऱ्या अंशाची.

त्यातला पहिला शत्रू किरणोत्सारी आयोडीन. आपल्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, चांगले-वाईट ओळखत नाही. 1986 मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर दूषित दूध प्यालेल्या हजारो मुलांना पुढे थायरॉईडचा कर्करोग झाला. बहुतेक उपचाराने वाचली, पण गळ्यावर वण आणि जन्मभराची गोळी राहिली. दूध वेळीच थांबवले असते तर यातले पुष्कळ टळले असते.

फुकुशिमाने वेगळा धडा दिला. त्या दिवसांत तीव्र किरणोत्साराने कोणी दगावल्याची नोंद नाही. पण फुकुशिमा प्रांतात विस्थापनाच्या हालांमुळे, औषध आणि उपचार तुटल्यामुळे दोन हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत बहुतेक म्हातारी माणसे होती. काही रुग्णालयांतले आजारी लोक बसमध्ये तासन्‌तास बसून गेले. जपानसारख्या श्रीमंत देशात हे झाले. आपल्या वस्तीत सिकलसेलची मुले आहेत, टीबीच्या गोळ्या चालू असलेली माणसे आहेत, बाळंतिणी आहेत. घाईत घर सोडायचे झाले तर आधी यांचा जीव धोक्यात येईल.

आणखी एक गोष्ट. फुकुशिमात आधी 20 किलोमीटरचे गाव रिकामे केले. पण वारा आणि बर्फ-पावसाने धूळ वायव्येला नेली आणि 30-40 किलोमीटरवरच्या इटाते गावावर पाडली. तिथल्या लोकांना हलवण्याचा निर्णय महिनाभराने झाला. आपल्याकडे आपत्ती नियोजनाचे वर्तुळ 16 किलोमीटरचे धरतात. नवापूर त्याच्या बाहेर आहे. पण पावसाळ्यात आपला वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, आणि काकरापार आपल्या पश्चिमेलाच आहे.

वेळ आली तर

घाबरून पळू नका. पहिला आदेश बहुधा "घरात थांबा" असाच असतो. दारे-खिडक्या लावा. पत्र्याच्या घराला फटी असतात, त्यात ओल्या चिंध्या कोंबा. ताडपत्रीच्या पालात राहत असाल तर जवळच्या पक्क्या शाळेत किंवा विहारात जा.

बाहेरून आलात तर वरचे कपडे दाराबाहेरच काढून पिशवीत बांधा. बहुतेक धूळ त्यांच्याबरोबरच जाते. मग डोक्यापासून साबणाने आंघोळ करा, अंग घासून सोलवटू नका.

झाकलेले पाणी आणि घरातले अन्न वापरा. उघड्यावरची भाजी, ताजे दूध, ओढ्याचे पाणी सूचना येईपर्यंत नको. अंगावर पाजणाऱ्या आईने आरोग्य कर्मचाऱ्याला विचारून पुढे जावे, मनाने बाळाचे दूध तोडू नये.

आयोडीनची गोळी शासनाने सांगितल्यावरच घ्यावी. ती फक्त थायरॉईड वाचवते, बाकी शरीर नाही. मुले, गरोदर आणि पाजणाऱ्या बाया यांना ती आधी लागते. चाळिशीनंतर तिचा उपयोग कमी. जखमेला लावायचे टिंक्चर आयोडीन कधीही पिऊ नये. मूठभर मीठ खाऊनही काही होत नाही. 2011 मध्ये चीनमध्ये लोकांनी या समजुतीने दुकानांतले मीठ संपवले होते.

एक पिशवी तयार ठेवा. ती पुराला, भूकंपाला, आगीलाही चालते. त्यात आठवड्याची औषधे, रोगाचा कागद, रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स, टॉर्च, बाळाचे कपडे. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077 आणि रुग्णवाहिकेचा 108 भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

काय मागायचे

2006 च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आला, ते ज्यांना आठवते त्यांना माहीत आहे. तोही न दिसणारा शत्रू होता. अफवा वाऱ्यासारख्या पसरल्या. पण आरोग्याची पथके घरोघर फिरली, तापाची माणसे शोधली, समजावले. भीती तेव्हाच उतरली. दारात येऊन सांगणारे माणूस असले की वस्ती शहाणपणाने वागते.

महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवले होते. केंद्राबाहेरच्या आपत्ती सरावांत उणिवा दिसल्याचेही नोंदवले होते. तेव्हा विचारणे हा आपला आगाऊपणा नाही. ग्रामसभेत ठराव करून किंवा माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला हे विचारावे:

काकरापारला काही झाले तर नवापूर तालुक्याला कोण, किती वेळात आणि कोणत्या भाषेत कळवणार? आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत? गुजरातच्या तापी-सुरत जिल्ह्यांबरोबर आपल्या जिल्ह्याचा एकत्र सराव कधी होणार? उकाईचे दरवाजे उघडताना मिळणारी सूचना खालच्या ऊसतोड टोळ्यांपर्यंत जाते का?

शेवटचा प्रश्न आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. मांडवी आणि व्यारा दोन्ही त्या 16 किलोमीटरच्या आत येतात. आपल्या वस्तीतली काही घरे आणि शेजारच्या पाड्यांवरची तर गावेच्या गावे सहा महिने तिकडच्या उसात असतात. त्यांचे नाव तिकडच्या मतदार यादीत नाही, रेशनच्या यादीत नाही. इकडच्या यादीत आहे, पण इकडे ती नसतात. भोंगा वाजला आणि गुजरातीतून सूचना झाली तर भिलीत, अहिराणीत ती कोण सांगणार? मुकादमाकडे टोळीची यादी असते. उचल वसूल करायला ती कामी येते, तशी जीव वाचवायलाही यावी. टोळी निघण्याआधी ती ग्रामपंचायतीत द्यायला लावा.

धरण, वीज, अणुभट्टी हे मोठ्यांचे विषय, आपले काय, असे काहीजण म्हणतात. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि विजेचे धोरणही पाहत होते. नद्यांच्या पाण्याचा आणि विजेचा लाभ सामान्य माणसाला व्हावा, हा त्यांचा विचार होता. लाभ आपला, तसा प्रश्न विचारण्याचा हक्कही आपला.

त्या रविवारी आजींना आम्ही हे सगळे सांगितले नाही. मुलाला फोन लावून दिला. तो फडातच होता, पलीकडून कोयत्याचे आवाज येत होते. जवळची पक्की शाळा कोणती, हे त्याला विचारले. त्याला माहीत नव्हते. "विचारून ठेव, आणि टोळीतल्या सगळ्यांना दाखव," असे सांगितले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. शाळा सापडली होती, पालांपासून चालत दहा मिनिटांवर. आजींचा रक्तदाब पुढच्या रविवारी थोडा उतरला होता. गोळी चालूच आहे.

जय भीम.